अवंतिकेतील दोन दिवाळ्या

आश्विन वद्य चतुर्दशीच्या पहाटे चार वाजता महाकालेश्वराच्या गाभाऱ्यात भस्मारती सुरू होते, त्याच वेळी आमच्या घरी न्हाणीघराच्या दाराशी पाट मांडलेला असतो. तिकडे पुजारी घराण्यातील स्त्रिया वर्षातून याच एका दिवशी देवाला उटणे लावतात. देवाच्या ऊन पाण्याच्या स्नानाला त्या दिवसापासून आरंभ होतो आणि तो क्रम पुढे फाल्गुनापर्यंत चालतो. इकडे ऐंशी वर्षे ओलांडलेल्या आमच्या मातोश्री थरथरत्या हातांनी घरातील लहानथोरांच्या डोक्यावर तेल घालतात. कारीट या मुलखात सहसा मिळत नाही, म्हणून एखाद्या लहानशा काचरीवर भागवून घेतो. ती डाव्या अंगठ्याखाली फुटली की नरकासुर मेला असे मानून आम्ही फराळाला बसतो. देव आणि घर एकाच प्रहरी न्हाऊन निघावे, हे भाग्य आम्हां उज्जयिनीकरांचे.

परंतु दार उघडून बाहेर आले की महिनाच बदलतो. शेजारचे माळवी गृहस्थ ‘आज कार्तिक कृष्ण चतुर्दशी, रूप चौदस’ म्हणून अभिवादन करतात. आमचा मात्र आश्विन सरलेला नसतो. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. शुक्ल पक्षात दोघांचे एकमत असते. वद्य पक्ष लागला की शेजारी एका महिन्याने पुढे जातात. दिवस तोच, चंद्र तोच, नाव मात्र निराळे. आमच्या मुलांना शाळेत एक महिना आणि घरी दुसरा, अशी सवय लहानपणापासून लागते.

आम्ही मराठी मंडळी या गावात आलो त्याला आता पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ लोटला. अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात राणोजी शिंदे यांचे ठाणे उज्जैनला झाले आणि त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालाच्या मंदिराची पुन्हा उभारणी केली. १८१० साली दौलतराव शिंदे यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी येथली मराठी घरे उठली नाहीत. छत्री चौकात गेले की बायजाबाई शिंदे यांनी बांधविलेले गोपाळ मंदिर समोर उभे राहते. वैकुंठ चतुर्दशीच्या मध्यरात्री महाकालाची पालखी याच मंदिरात येते. हराला तुळस आणि हरीला बेल वाहिला जातो, एरवी कोणी करणार नाही अशी ती अदलाबदल. श्रावणातील सोमवारच्या सवाऱ्यांचेही तसेच. उत्तरेचा श्रावण राखीपौर्णिमेला संपतो, तरीही सवाऱ्या पुढे चालू राहतात आणि शेवटची थाटाची सवारी निघते ती आपल्या श्रावण वद्यात. देवाने दोन्ही पंचांगे सांभाळली आहेत, असे आम्ही अभिमानाने पाहुण्यांना सांगत असू.

देवाला साधले ते आम्हांला साधले नाही, त्याचीच ही हकीकत.

२०२४ सालच्या दिवाळीत अमावास्या गुरुवार, ३१ ऑक्टोबर रोजी दुपारी पावणेचारनंतर लागली आणि शुक्रवारी, १ नोव्हेंबरला सायंकाळी सव्वासहाच्या सुमारास संपली. लक्ष्मीपूजनाला अमावास्या प्रदोषकाळी, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या पहिल्या सुमारे अडीच तासांत, असावी लागते. गुरुवारी ती संपूर्ण प्रदोषकाळ व्यापून होती. शुक्रवारी उज्जयिनीत सूर्यास्तानंतर जेमतेम अर्धा तास. पूर्ण व्याप्ती असलेला दिवस घ्यावा की, दोन्ही दिवशी अमावास्या प्रदोषाला स्पर्श करीत असल्यास दुसरा दिवस घ्यावा, यावर देशभर वाद माजला. कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ (१६१२) आणि पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री उपाध्यायांचा १७९० च्या सुमारास सिद्ध झालेला ‘धर्मसिंधु’ हे दोन्ही ग्रंथ दोन्ही पक्षांच्या हाती होते. त्यांतील कमलाकरभट्ट हे पैठणहून काशीला जाऊन स्थायिक झालेल्या घराण्यातील, म्हणजे आपल्यासारखेच परमुलखातले मराठी, हे येथे सहज नमूद करतो.

महाकाल मंदिरात गुरुवारी दिवाळी झाली. आमच्या गल्लीतही काही घरांत गुरुवारी दिवे लागले, काही घरांत शुक्रवारी. आमच्याकडे सोलापूरचे दाते पंचांग येते. वडील हयात असताना यायचे, तसे आजही येते. त्यात लक्ष्मीपूजन शुक्रवारी होते. महाराष्ट्रातही सर्वत्र शुक्रवारीच होते. आमचा प्रश्न तेथेच मिटला.

गुरुवारी रात्री अकराच्या सुमारास लंडनहून चिरंजीवांचा फोन आला. दीड वर्षापूर्वी तो नोकरीनिमित्त तिकडे गेला आहे.

‘‘बाबा, पूजा आटोपली. फोटो पाठवलाय, बघा.’’

‘‘लक्ष्मीपूजन उद्या आहे. आज कसली पूजा केलीस?’’

‘‘इथं सगळ्यांची आजच आहे, बाबा.’’

‘‘सगळ्यांची असेल. आपली उद्या आहे. इथे आमच्या भोवती सारे शेजारी आज दिवे लावून बसलेत. आम्ही लावले का? तुझ्या आजोबांनी पन्नास वर्षे या गावात राहून पंचांग सोडले नाही. तू दीड वर्षात सोडलेस?’’

पलीकडून थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग तो ‘‘बरं’’ म्हणाला आणि फोन ठेवला गेला. पाडव्याला त्याचा फोन आला नाही. पाडव्याला माळव्यात ‘धोक पडवा’ म्हणतात. धाकटे लोक घरोघरी जाऊन वडीलधाऱ्यांच्या पाया पडतात. गल्लीतील पोरे दिवसभर येऊन आमच्या पाया पडत होती. मातोश्री प्रत्येकाच्या हातावर चिरोटा ठेवीत आणि दर वेळी दाराकडे पाहत. भाऊबीजेलाही त्याने बहिणीलाच तेवढा फोन केला.

दिवाळीसाठी पुण्याहून आमचा पुतण्या आला होता. तो नववीत शिकतो. सोमवारी त्याला घेऊन आम्ही वेधशाळेत गेलो. गावाच्या दक्षिणेस, जयसिंगपुऱ्यात, क्षिप्रेजवळ ही वेधशाळा आहे. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात ती बांधली. पुढे मोडकळीस आली असता माधवराव शिंदे यांनी १९२३ साली तिचा जीर्णोद्धार करविला आणि गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदांच्या हाती तिचा कारभार सोपविला. सम्राट यंत्राची तिरकी भिंत चढत जाते, तिची सावली दोहों बाजूंच्या वर्तुळखंडांवर सरकत राहते आणि त्या सावलीवरून वेळ वाचता येते. परंतु ती वेळ मनगटावरच्या घड्याळाशी जुळत नाही. कोणत्या दिवशी किती मिनिटे मिळवावीत याचा तक्ता तेथे आहे.

‘‘काका, यंत्र चुकतंय का?’’ पुतण्याने विचारले.

आम्ही शिक्षकाच्या उत्साहाने समजावू लागलो. यंत्र उज्जयिनीची वेळ दाखवते. घड्याळ ८२॥ अंश रेखांशाची. उज्जयिनी त्या रेषेच्या पश्चिमेस पावणेसात अंशांवर असल्याने येथला मध्यान्ह सरासरी सत्तावीस मिनिटे उशिरा होतो. त्यात ऋतुमानाप्रमाणे थोडी वाढघट असते. प्राचीन ज्योतिषग्रंथांत रेखांशाची गणनाच या गावापासून होई. आज जगात ग्रीनिचला जो मान आहे, तो त्या काळी उज्जयिनीला होता. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती १९५२ साली नेमली गेली आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. तिने रेखांश घेतला प्रमाणवेळेचा, पण अक्षांश घेतला २३ अंश ११ कला, म्हणजे नेमका उज्जयिनीचा. एवढे बोलून आम्ही निष्कर्ष सांगितला, ‘‘तात्पर्य, वेळ ही स्थळाची असते. जेथे उभा आहेस तेथला सूर्य खरा.’’

पोराने क्षणभर विचार केला. ‘‘मग दादाचा सूर्यास्त कुठला धरायचा, काका? सोलापूरचा?’’

आम्ही खिशातून प्रवेशाचे तिकीट काढले आणि त्याच्या पाठीवर आकडे मांडले. त्या सप्ताहात लंडनचे घड्याळ आपल्यामागे साडेपाच तास होते. शुक्रवारी येथे सव्वासहाला संपलेली अमावास्या तिकडे दुपारी पाऊण वाजताच संपली. लंडनचा सूर्यास्त साडेचारच्या पुढे. म्हणजे शुक्रवारी तिकडे प्रदोषकाळी अमावास्येचा लवलेश नव्हता. गुरुवारी मात्र ती सकाळी दहा-साडेदहाला लागून रात्रभर होती. आपल्याच शास्त्राने, आपल्याच ग्रंथांनी, लंडनला गुरुवारवाचून दुसरा दिवस संभवत नव्हता. आम्ही त्याला शुक्रवारी पूजा करावयास लावली असती, तर तीच अशास्त्रीय ठरली असती.

गेली तीस वर्षे पायऱ्या न मांडता उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण आम्ही निर्दयपणे कापीत आलो आहोत. सम्राट यंत्राच्या पायथ्याशी ते तिकीट हातात धरून उभे असताना त्याची आठवण झाली.

आमच्यासारखे घरोघरी किती असतील, असे नंतर मनात आले. त्याच वर्षी त्रिनिदादमध्ये ३१ ऑक्टोबरला दिवाळीची सार्वजनिक सुट्टी होती; तेथे ही सुट्टी १९६६ पासून आहे. सिंगापूरलाही सुट्टी ३१ लाच होती, पण निराळ्या कारणाने. तेथल्या तमिळ घरांत दीपावली म्हणजे मुख्यतः चतुर्दशीच्या पहाटेचे तैलस्नान. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांना दिवाळीची सुट्टी मिळाली ती १ नोव्हेंबरला. त्या त्या गावी आपली माणसे त्या त्या दिवशी दिवे लावीत होती आणि मायदेशी कोणी ना कोणी वडीलधारे ‘आपली उद्या आहे’ म्हणून त्यांना फोनवर सुनावीत होते. पंचांग परमुलखात नेणे म्हणजे ते छापील तारखांसह नेणे, अशी आमची समजूत होती. तारखा तेवढ्या गावापुरत्या असतात. बरोबर न्यायचा असतो तो नियम. उज्जयिनीत एवढी वर्षे राहूनही हे आमच्या ध्यानात आले नव्हते, कारण येथे शेजाऱ्याचा आणि आमचा सूर्यास्त एकच. येथे आपले वेगळेपण टिकवायचे म्हणजे वेगळ्या दिवशी दिवा लावायचा, असेच गणित डोक्यात बसून गेले होते.

त्या रात्री आम्ही स्वतः फोन केला. ‘‘तुझा दिवस बरोबर होता. आमचे गणित चुकले होते,’’ असे सांगितले आणि तिकिटावरची सारी मांडणी वाचून दाखविली.

तो हसला. ‘‘मी कुठलं गणित केलं होतं, बाबा? देवळाच्या फलकावर गुरुवार लिहिला होता, म्हणून केली पूजा.’’

मातोश्रींनी फोन हातातून घेतला. ‘‘पणत्या किती लावल्यास रे?’’

‘‘तीन, आजी. त्याही खिडकीबाहेर. आत धूर झाला की घंटा वाजते.’’

‘‘तीन लावू नयेत. पुढल्या खेपेस चार लाव,’’ असे सांगून त्यांनी फोन परत दिला. तिथीविषयी त्यांनी एक अक्षरही विचारले नाही.

२०२५ साली पुन्हा तोच पेच आला; कोणी २० ऑक्टोबर म्हणे, कोणी २१. दसरा होताच चिरंजीवांचा फोन आला. या वेळी त्याने पायऱ्या मांडल्या होत्या. ‘‘बाबा, आमचं घड्याळ अजून उन्हाळ्याचंच आहे, म्हणून साडेचार तास धरले. अमावास्या वीसला सकाळी सव्वाअकराच्या सुमारास लागते, एकवीसला दुपारी दीडच्या आत संपते. सूर्यास्त सहाच्या आसपास. म्हणजे आमची सोमवारी. बरोबर?’’

आम्ही पंचांग उघडून ताडून पाहिले. बरोबर होते. आमच्या घरी लक्ष्मीपूजन मंगळवारी झाले, सोमवारी रात्री लंडनचा फोटो आला आणि त्यात चार पणत्या होत्या. दाते पंचांगाच्या त्या पानावर, समासात, पेन्सिलीने लिहिलेले अजून आहे : ‘लंडन – सोमवार.’