ड्रायडनविषयी थोडेसे, उशिरा

विद्यार्थिदशेत आम्ही जॉन ड्रायडनला फार लवकर निकालात काढले होते. अर्थात, आरोपपत्राची सामग्री त्याने स्वतःच पुरवली होती. क्रॉमवेलच्या निधनानंतर १६५९ मध्ये त्याचा गौरव करणारा हा कवी १६६० मध्ये दुसरा चार्ल्स परतताच राजाच्या स्वागताची कविता घेऊन हजर झाला. १६८२ च्या ‘रिलिजिओ लायसी’मध्ये त्याने अँग्लिकन पंथाची बाजू मांडली. १६८५ मध्ये कॅथलिक जेम्स गादीवर आला आणि ड्रायडनही कॅथलिक झाला. १६८७ च्या ‘द हाइंड अँड द पँथर’मध्ये रोमन चर्च ही निष्कलंक हरिणी ठरली. वारा पाहून पाठ देणारा कवी, हे आमचे मत पक्के झाले.

समोर मिल्टन होता. राजा परतल्यावर त्याला लपावे लागले, त्याची पुस्तके जाळली गेली, तुरुंगवासही घडला. दृष्टी तर आधीच गेली होती. अशा पराभूत अवस्थेत त्याने ‘पॅरडाइज लॉस्ट’ पुरे केले. ते १६६७ मध्ये प्रसिद्ध झाले. सद्गुण म्हणजे मिल्टन, असे आम्ही परीक्षेत लिहिले आणि त्याचे गुणही घेतले.

पुढे शिकवण्याच्या निमित्ताने ड्रायडनचे उत्तरायुष्य वाचावे लागले. १६८८ च्या क्रांतीत जेम्स गेला, प्रॉटेस्टंट विल्यम आला. आता पुन्हा पाठ फिरवली की काम झाले असते. ड्रायडनने ती फिरवली नाही. राजकवीचे पद गेले आणि तेही ज्याची त्याने यथेच्छ टर उडवली होती त्या शॅडवेलकडे. पन्नाशी उलटलेला हा माणूस नाटके आणि भाषांतरे यांवर गुजराण करू लागला. १६९७ मध्ये त्याचा व्हर्जिल निघाला. तो विल्यमला अर्पण व्हावा, ही प्रकाशक टॉन्सनची इच्छा. त्याने चित्रांतल्या ईनिअसचे नाकसुद्धा राजाच्या नाकासारखे बाकदार करून घेतले! ड्रायडनने अर्पणपत्रिका लिहिली नाही ती नाहीच. नियतीने देशोधडीला लावलेल्या वीराची कथा तो इंग्रजीत आणत होता. स्वतःच्या पडत्या काळाबद्दल मात्र त्याने नियतीकडे सवलत मागितली नाही.

मिल्टनच्या नरकात पतित देवदूत नियती आणि इच्छास्वातंत्र्य यांवर वाद घालत चक्रव्यूहात हरवतात. देवाला भविष्य ठाऊक असले तरी आदमची निवड आदमचीच, हे मिल्टनचे ठाम म्हणणे. हे आम्ही वर्षानुवर्षे शिकवले. पण आदमला दिलेले हे स्वातंत्र्य ड्रायडनला द्यायला विसरलो. दोनदा बदलला म्हणजे तिसऱ्यांदा बदलणारच, हे आम्ही त्याच्या कपाळी लिहून टाकले होते.

१६८८ मधल्या निष्ठेने त्याच्या आधीच्या धर्मांतराचा हेतू शुद्ध ठरत नाही, हे खरे. त्याच्या मनात कोण डोकावणार? पण श्रद्धेच्या घरात माणूस कोणत्या दाराने शिरला, याइतकेच छप्पर गळू लागल्यावर तो तिथे राहिला का, हेही पाहायला हवे.

भूमिका बदलली म्हणून एका मित्राशी आम्ही बोलणे सोडले होते. त्या भूमिकेची किंमत तो पुढे निमूटपणे मोजत राहिला. हे कळूनही आम्ही त्याला पत्र लिहिले नव्हते. गेल्या आठवड्यात लिहिले.