बॉस, जरा सरकणार?

श्री. बॉस यांस,
स. न. वि. वि.

चाळीस वर्षं रोज तुम्हाला हाक मारतो, पण ख्यालीखुशाली कधी विचारली नाही. इकडे सर्व ठीक. विरारहून आता पंधरा डब्यांच्याही गाड्या सुटतात, तरी चौथ्या सीटवर टेकायचं ते अर्धंच. सकाळची पहिली विचारपूस अजून तुमच्याच नावाने होते : "बॉस, कुठे उतरणार?"

तुम्ही मूळचे डच, ‘बास’ म्हणजे मालक. (आमच्याकडे ‘बास’ म्हणजे पुरे.) न्यूयॉर्क हे न्यू ॲमस्टरडॅम होतं, तेव्हा डचांबरोबर तिथे गेलात. पुढे अमेरिकेतल्या गोऱ्या कामगारांना ‘मास्टर’ म्हणण्यात गुलामीचा वास येऊ लागला, म्हणून त्यांनी तुम्हाला जवळ केलं. वसईला परके शब्द नवे नाहीत. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, पाव आणि चावी राहिली. पण चावी चावीच राहिली. तुम्ही मात्र मालकाचे शेजारी झालात. "काय बॉस!" म्हणजे वाहवा, "नाही बॉस" म्हणजे ठाम नकार, आणि "आज बॉस रजेवर" म्हणजे जुना अर्थ, तोही सुखाचा.

माझे वडील जन्मभर शिपाई. दिवसभर साहेब, साहेब. मला पहिल्या मुलाखतीला घेऊन निघाले, तर वसई रोडला एक तरुण उठून म्हणाला, "बॉस, बसा इथे." वडील मागे वळून पाहू लागले, हा कोणाला म्हणतोय म्हणून. आडनाव नाही, गाव नाही, भाषा नाही. काहीही न विचारता दिलेला तो मान मी विसरलो नाही.

म्हणूनच तक्रार करतोय. संध्याकाळी अंधेरीला विरार फास्टच्या दारात तुमच्याआधी एक लांबलचक ‘ओ’ लागतो : "ओ बॉस, बोरिवलीला उतरायचं तर स्लो पकडा!" परवा डबा छातीशी धरलेला एक पोरगा तसाच फलाटावर राहिला. आवाज तेवढा बदलला आणि तुम्ही पुन्हा मालक झालात, दाराचे.

एवढंच मागतो : दारातल्याच्या तोंडी याल तेव्हा तो ‘ओ’ मागे ठेवून या. "बॉस, आत सरका, एकजण येतोय," एवढं म्हणवून घ्या. जागा होते, मी पाहिलंय.

कळावे, लोभ असावा.

आपला,
वसई रोडला चढणारा