परवान्यावरची काडतुसं

परंडा तालुक्यातल्या सोनारीत चैत्रात काळभैरवनाथाची यात्रा भरते. त्या गर्दीत कुणाच्या कमरेला पिस्तूल दिसलं, तर परवाना आहे की नाही हे विचारायच्या आधीच माणसं बाजूला सरकतील.

या मुलखाला बंदुकीचं भय पुस्तकातून कळलेलं नाही. 1948 पर्यंत हा धाराशिव जिल्हा निजामाच्या संस्थानात होता. निजामाच्या बाजूने उभ्या असलेल्या रझाकारांच्या हाती शस्त्रं होती. त्यांना तोंड द्यायला स्वातंत्र्यसैनिकांनी सोलापूरच्या बाजूला सरहद्दीवर कॅम्प उभारले, आणि तेही शस्त्र घेऊनच लढले. 17 सप्टेंबरला निजाम शरण आला.

पुढे डिसेंबरच्या सुरुवातीला, दिल्लीत घटना समितीसमोर ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली. मागणी अचानक आलेली नव्हती. 1878 च्या कायद्याने इंग्रजांनी देश निःशस्त्र केल्याची सल जुनी होती, आणि 1931 च्या कराची ठरावात काँग्रेसने हा हक्क मागितलाही होता. डॉ. आंबेडकरांनी मात्र नकार दिला. असा सरसकट हक्क उद्या गुन्हेगारही मागतील, हा त्यांचा मुद्दा. कलम 19 मध्ये एकत्र जमण्याचा हक्क आला तोही ‘शांततेने व विनाशस्त्र’. नुकताच जाच भोगलेल्या गावांना हे कसं पटावं? तरी आंबेडकरांचंच बरोबर होतं. रझाकारही स्वतःला रक्षकच म्हणवत होते.

अमेरिकेत हा हक्क घटनेतच असल्यामुळे वाद मॅगझिनमधल्या गोळ्यांपर्यंत जातो. कॅलिफोर्नियाने दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनवर घातलेली बंदी वर्षानुवर्षं कोर्टात होती. मार्च 2025 मध्ये तिथल्या संघीय अपील न्यायालयाने ती कायम ठेवली. आपल्याकडे 1959 च्या कायद्यानुसार, चाप दाबून धरला की मॅगझिन रिकामं होईपर्यंत चालत राहणारी बंदूक निषिद्ध शस्त्रांत मोडते. किती काडतुसं बाळगायची, हे परवान्यावरच लिहिलेलं असतं. 2019 च्या दुरुस्तीने माणशी शस्त्रं तीनवरून दोनवर आली. लग्नात, मिरवणुकीत बेफिकिरीने गोळ्या झाडल्या तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कायदा कडक आहे, पण परवाना द्यायचा की नाही हे कचेरीत ठरतं. शेजारच्या बीड जिल्ह्यात डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. ती गोळी घालून झालेली नव्हती. तरी त्या हत्येनंतर जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. आकडा बाराशेच्या वर असल्याचं पुढे आलं, आणि प्रशासनाने शंभराहून अधिक परवाने रद्द केले. ते झालं हे चांगलंच. पण यातल्या प्रत्येक अर्जावर कधी तरी पोलिसांचा अहवाल गेला होता, कुणाची तरी सही झाली होती. अर्जदाराच्या जिवाला खरंच धोका आहे, की त्याला नुसता रुबाब हवा आहे, हे तेव्हाच कसून का तपासलं गेलं नाही, याचा जाब अजून कुणीतरी द्यायला हवा.