पंक आणि पंकज

पंक म्हणजे चिखल, हे आम्हांला शाळेत संस्कृतच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. पंकात जन्मतं ते पंकज. त्यामुळे आमच्या भाच्याने जेव्हा "मामा, मी हल्ली पंक ऐकतो" असं जाहीर केलं, तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मालवणात जून ते सप्टेंबर आम्ही तरी दुसरं काय ऐकतो? लावणीच्या वेळी कोपऱ्यातून पाय उपसताना जो आवाज होतो तो शुद्ध पंकच, आणि तो ऐकायला पैसे पडत नाहीत.

भाच्याच्या पंकाला मात्र पैसे पडतात. भाचेबुवा पुण्याला संगणकावर काहीतरी करतात आणि त्याचा जो काही मोबदला मिळतो तो परदेशातल्या चिमुकल्या रेकॉर्ड कंपन्यांना नेऊन घालतात. कंपनी म्हणजे एक माणूस, त्याची सायकल आणि त्याच्या आईच्या घरातली एक खोली. तो माणूस वर्षाकाठी पाचसहा तबकड्या काढतो, प्रत्येकी तीनशे प्रती, आणि वेष्टनं घरीच छापतो. मालाबरोबर 'नवीन प्रकाशने' असा कागदही येतो. हा कागद मी चष्मा लावून दोनदा वाचला. आपल्याकडे दुकानदार मालाचे दोष लपवतो, हा गृहस्थ ते ठळक अक्षरांत छापतो. 'अत्यंत कच्चे ध्वनिमुद्रण.' 'गायकाला गाता येत नाही, पण तो थांबतही नाही.' 'एका दुपारी, मोटारीच्या गॅरेजात, एका मायक्रोफोनवर.' आमच्या बाजारात कोणी 'खडे असलेला तांदूळ, कुजका वास, मर्यादित साठा' अशी पाटी लावली तर संध्याकाळपर्यंत त्याचं दुकान राहील का? पण भाचेबुवांचे तीनशे सोबती जगभर पसरलेले आहेत आणि ते तांदूळ संपायच्या आत रांगा लावतात.

भाच्याने माझं अज्ञान दूर करायचं मनावर घेतलं. मामाला शिकवण्यात भाच्यांना जो आनंद होतो तो त्यांना परीक्षेत पहिला नंबर आल्यावरही होत नसावा. त्यातून मला कळलं ते असं. साठीच्या दशकात अमेरिकेत गल्लोगल्ली पोरांनी बँड काढले. घरात वाजवू देईनात म्हणून ती गॅरेजात वाजवू लागली, म्हणून ते गॅरेज रॉक. पुढे १९७६-७७ च्या सुमारास न्यूयॉर्क आणि लंडनकडच्या पोरांना वाटलं की मोठ्या कंपन्यांचं संगीत फार गुळगुळीत झालंय, म्हणून त्यांनी ते मुद्दाम खरबरीत केलं. तेच पंक. 'रामोन्स' नावाच्या मंडळींची पहिली तबकडी १९७६ ची. तीत चौदा गाणी, आणि सगळी मिळून एकोणतीस मिनिटं. एकोणतीस मिनिटांत आमच्या बुवांचं पेटी पुढे ओढून, खाकरून, समोरच्या बुवांकडे कुत्सित नजरेने बघणंसुद्धा पुरं होत नाही. मँचेस्टरच्या 'बझकॉक्स'नी तर घरच्यांकडून आणि मित्रांकडून पाचशे पौंड उसने घेतले आणि जानेवारी १९७७ मध्ये स्वतःच चार गाण्यांची तबकडी काढली. पहिल्या प्रती हजार. कंपनीच्या दारात उभं राहायचंच नाही, आपलं दार आपणच बसवायचं, हा त्यातला मुद्दा.

पण मला खरी गोडी लागली ती 'लुई लुई'च्या हकिकतीने. १९६३ साली पोर्टलंड गावात 'किंग्जमेन' नावाच्या पोरांनी हे गाणं थोडक्या डॉलरांत ध्वनिमुद्रित केलं. मायक्रोफोन इतका उंच टांगलेला की गायकाला मान वर करून ओरडावं लागलं. परिणाम असा झाला की शब्द कोणालाच कळेनात. आणि जे कळत नाही ते अश्लीलच असणार, हा नियम फक्त आपल्याकडचा आहे असं समजू नका. पालकांच्या तक्रारी गेल्या आणि अमेरिकेच्या एफबीआयने चौकशी आरंभली. तबकडी हळू फिरवून पाहिली, भरभर फिरवून पाहिली. शेवटी सरकारी निष्कर्ष निघाला की कोणत्याही वेगाने शब्द समजत नाहीत. मला त्या अधिकाऱ्यांची दया येते. जत्रेच्या रात्री देवळाच्या शिखरावरच्या कर्ण्यातून येणारा अभंग ओळखण्याची त्यांना सवय असती, तर हे प्रकरण अर्ध्या दिवसात निकालात निघालं असतं.

तर अशी ही संपत्ती घेऊन भाचेबुवा गेल्या मे महिन्यात आमच्याकडे आंबे खायला आले, ते तबकडीयंत्रासकट. दुपारी, सगळं गाव जरा आडवं झालेलं असताना, त्यांनी पहिली तबकडी लावली. माजघरातून काकी काठी टेकत बाहेर आली. शहाऐंशी वर्षांच्या आयुष्यात तिने पुष्कळ पाहिलं आहे. तिने क्षणभर कान दिला आणि शांतपणे विचारलं,

"अवसार इलो काय रे ह्येका?"

"नाही गं आजी, हे गाणं आहे."

"मगे कोणीतरी नारळ ठेवा रे तेच्या म्होरं. बिचारो कदीचो बोंबलता हा."

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारचे आबा आले. आबा म्हणजे आमच्या वाडीच्या भजनमंडळाचे पखवाजी. त्यांचं वय आता ऐंशीच्या घरात आणि हाताला थोडा कंप. मला वाटलं, झोपमोड झाली म्हणून भांडायला आले. पण ते पायरीवर बसले आणि मांडीवर बोटं वाजवू लागले. तबकडी संपल्यावर म्हणाले, "समोरची बारी खय हा?"

आबांचा प्रश्न कळायला डबलबारी ठाऊक असायला हवी. घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो. भजन म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे मंद समई आणि मिटलेले डोळे येत असतील. आमच्याकडे डबलबारी म्हणजे दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात, दोन पेट्या, दोन पखवाज, दोन्हीकडे टाळ, झांज आणि कोरस. एक बुवा आपली बारी गातो, मग दुसरा त्याला उत्तर देतो. पुराणातला प्रश्न येतो, त्याला तिथल्या तिथे गाण्यातून जबाब द्यायचा. अभंग होतो, गौळण होते आणि शेवटी गजर. गजर चढू लागला की पखवाज्याच्या आणि झांजवाल्याच्या अंगात जे येतं ते पाहून विठोबाही कमरेवरचे हात काढून कानांवर ठेवत असेल. मधूनमधून समोरच्या बुवाच्या पेटीची, पगडीची आणि पितरांची विचारपूस होते. चाली कुठून कुठून उचललेल्या असतात, कालपरवाचा सिनेमाही सुटत नाही. पत्रकावर 'डबलबारी भजनाचा जंगी सामना' असं छापतात, आणि क्रिकेटचं नवं वारं सुटल्यावर 'ट्वेंटी-ट्वेंटी डबलबारी'ही आली. देव मध्ये बसून पंचाचं काम करतो.

"अरे, हे तर आमचंच!" भाचेबुवा ओरडले. पुण्याला राहून त्यांना मँचेस्टर कळलं, पण आजोळचं अंगण ऐकू यायला आबांचा प्रश्न लागला. तशी ही आपल्या देशाची जुनी रीतच आहे.

मग माझी शिकवायची पाळी आली. म्हटलं, बाबा रे, स्वतंत्र रेकॉर्ड कंपनी ही साहेबाची मक्तेदारी नव्हे. हिज मास्टर्स व्हॉइसचा कुत्रा कर्ण्यापुढे बसलेला असताना १९३५ साली मुंबईत 'यंग इंडिया' या नावाने देशी तबकड्या निघू लागल्या होत्या. पण खरी गंमत झाली ती कॅसेट आल्यावर. १९६३ मध्ये फिलिप्सने ती काढली आणि ऐंशीच्या दशकात ती आपल्याकडे पानपट्टीच्या ठेल्यापर्यंत पोचली. तबकडी काढायला कारखाना लागतो, कॅसेटीला दोन यंत्रं आणि एक होतकरू मेहुणा पुरतो. शेकड्यांनी छोट्या कंपन्या निघाल्या. पीटर मॅन्युएल नावाच्या अमेरिकन विद्वानाने १९९३ मध्ये या प्रकारावर आख्खं पुस्तक लिहिलं. मोठ्या कंपनीने ज्यांना दारात उभं केलं नसतं ते सगळे गाऊ लागले, त्यांत आमचे बुवाही आले. एसटी स्टँडावरच्या दुकानात सिनेमाच्या कॅसेटींशेजारी डबलबारीची कॅसेट लागे. वेष्टनावर दोन बुवा पेट्यांवर हात ठेवून एकमेकांकडे खुन्नसने बघताहेत आणि मध्ये वीज कडाडते आहे.

आमच्या वाडीच्या मंडळाची एक कॅसेट निघाली होती, १९८६ च्या गणपतीत. आमचे बुवा लालबागच्या एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तो काही रीतसर मिटला नाही, आणि बुवा पेटी, ट्रंक आणि बायकोमुलं घेऊन गावी परत आले. नोकरी गेली ती गेलीच, गळा मात्र राहिला. मुंबईचा एक कॅसेटवाला गणपतीला सासुरवाडीस आला होता. त्याने अंगणात एक मायक्रोफोन वाशाला टांगला आणि रात्रभराच्या सामन्यातला तासभर टिपला. बुवांना त्याचे किती पैसे मिळाले ते मी विचारलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरून ते विचारण्यासारखं नव्हतं. वीस वर्षांपूर्वी बुवा गेले. कॅसेटवाल्याचा पत्ता लागत नाही. आणि मालवणच्या हवेला कलेची कदर नाही. तिथे खारं वारं आणि चार महिन्यांचा पाऊस, लोखंड खाऊन ढेकर देणारा. घरोघरच्या कॅसेटी बुरशीने पांढऱ्या झाल्या, मग नारळाच्या झाडांवर पाखरं हाकलायला त्यांच्या फिती बांधल्या गेल्या. माझ्या अंदाजाने बुवांचा सबंध आवाज उरला होता तो एकाच ठिकाणी, आबांच्या ट्रंकेत, धोतराच्या घडीत.

आबांनी ती आणून दिली, पण हातातून सोडवेना. त्यांनी स्वतः ती तीस वर्षांत लावली नव्हती. यंत्र फीत खाईल ही भीती, असं ते म्हणाले. भाचेबुवांनी आठ दिवस आंब्यांना हात लावला नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. त्यांनी जुनं कवच उघडलं, बुरशी कापसाने टिपली, फीत नव्या कवचात बसवली, हाताने हळूहळू गुंडाळली. इतकं नाजूक काम पंकवाल्यांना येतं हे पाहून माझा त्या संगीताबद्दलचा आदर वाढला.

नवव्या दिवशी संध्याकाळी ओटीवर वाडी जमली. आधी नुसती खरखर, मग कोणाचं तरी पोर रडलं (ते पोर आता ग्रामपंचायतीत सदस्य आहे, तेही ऐकायला बसलं होतं) आणि मग पेटी. बुवांचा आवाज आला तेव्हा काकीने पदर सावरला, जणू माणूसच दारात आलं.

गजर चढत गेला. आबांची बोटं मांडीवर चाललीच होती. एकाएकी ते थांबले. "हयच," ते म्हणाले. आणि फितीत पखवाजाचा डावा बोल भद्द वाजला. डाव्या पुडीवरची कणीक सुटून पडली होती. समोरच्या मंडळात हशा उठला. आमच्या बुवांनी मात्र पेटी न थांबवता, त्याच चालीवर, आबांचं घरातलं नाव घेऊन गायलं की गड्या, कणीक उचल, नाहीतर उद्याची चपाती बुडाली! तो हशा आमच्याकडे वळला, कोरसाने ते उचलून धरलं आणि बारी सावरली.

आबा खाली मान घालून बसले होते. भाचा म्हणाला, "आबा, एवढा तुकडा मी काढू शकतो. कोणाला कळणारही नाही."

पंकवाल्याने हे सुचवावं ही त्याच्या धर्माच्या दृष्टीने केवढी तडजोड होती, ते मला एकट्याला कळलं.

आबा बराच वेळ बोलले नाहीत. छत्तीससदतीस वर्षं त्या भद्द आवाजाची त्यांना लाज वाटत होती, म्हणूनच कॅसेट धोतरात गुंडाळलेली होती, हे तेव्हा कुठे आमच्या ध्यानात आलं. मग ते म्हणाले,

"नको रे झिला. ता कापू नको. थयच बुवान माझा नाव घेतल्यान."

आता ती कॅसेट पुन्हा निघते आहे. शंभर प्रती, खर्च भाचेबुवांचा, नफा झालाच तर बुवांच्या घरी. वाडीत घरं बत्तीस, उरलेल्या कोण घेणार, हा आबांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. बुवांच्या मुलाला विचारून परवानगी घेतली. त्याने एकच अट घातली, वेष्टनावर वीज हवी. वीज ठेवली आहे. जाहिरातीचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी त्या परदेशी कागदाला स्मरून प्रामाणिकपणे लिहिलं: 'एका अंगणात, एका मायक्रोफोनवर. मध्ये पोर रडते. शब्द सर्वत्र समजतीलच असे नाही.' तो मजकूर आबांनी वाचून घेतला, थोडा विचार केला आणि कंप पावणाऱ्या बोटाने शेवटी एक जागा दाखवून म्हणाले, "हय लिव, कणीक पडलेली हा. आणि कोणाची, ता पण लिव."