मिनिमम रिक्वायरमेंट

सॉफ्टवेअरच्या डब्याच्या मागच्या बाजूला, खाली कोपऱ्यात, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत एक यादी असायची. पेंटियम थ्री किंवा त्याच्या वरचा, 256 एमबी रॅम, विंडोज एक्सपी, डीव्हीडी रायटर. वर मथळा 'मिनिमम सिस्टीम रिक्वायरमेंट'. मित्रांनो, मेसच्या फळ्यावर 'पनीर' लिहिलेलं असतं आणि ताटात त्याचे दोन तुकडे शोधावे लागतात, त्यातलाच हा प्रकार. लिहिलेलं खोटं नसतं, पण त्यावर पोट भरत नाही. ती यादी एवढंच सांगते की प्रोग्रॅम उघडेल. काम होईल का, याचं गणित ज्याचं त्याने करायचं.

हे गणित मी 2006 च्या गॅदरिंगमुळे शिकलो. शूटिंग मिनी-डीव्ही कॅमेऱ्यावर झालं होतं, एकेक तासाच्या तीन कॅसेट. त्यातून एक तास पन्नास मिनिटांची डीव्हीडी करायची, मेनू-बिनू टाकून, आणि फायनल इयरच्या सेंड-ऑफला वाटायची असं ठरलं. काम आमच्या रूमवर आलं, कारण आख्ख्या विंगमध्ये डीव्हीडी रायटर असलेला पीसी एकच, माझ्या रूम पार्टनरचा. पेंटियम फोर, 2.4 गिगाहर्ट्झ, 256 एमबी रॅम, 40 जीबीची हार्ड डिस्क. डब्यावरच्या यादीत हे मशीन डिस्टिंक्शनमध्ये पास होत होतं.

ऑथरिंग म्हणजे नुसतं बर्न करणं नव्हे, हे आधी सांगायला हवं. व्हिडिओ एमपेग-2 मध्ये बसवायचा, आवाज जोडायचा, चॅप्टर पाडायचे, मेनूचं कुठलं बटण कुठे नेईल ते ठरवायचं आणि हे सगळं टीव्हीखालच्या प्लेयरला कळेल अशा फाइल्समध्ये बांधायचं. यातलं प्रत्येक काम मशीनचा वेगळा भाग खातं.

पहिला बळी हार्ड डिस्कचा. मिनी-डीव्हीचा व्हिडिओ सेकंदाला साधारण 3.6 एमबी जागा घेतो, म्हणजे तासाला 13 जीबी. तीन कॅसेटचे झाले 39. आणि 40 जीबीची डिस्क विंडोजमध्ये दिसते 37 ची, कारण बनवणारा हजाराने मोजतो आणि विंडोज 1024 ने. त्या 37 मध्ये एक्सपी, ऑटोकॅड, काउंटर-स्ट्राइक आणि अडीच हजार गाणी. वर ऑथरिंगवाल्या प्रोग्रॅमची खोड अशी की तो एकच माल तीनदा साठवतो: आधी एमपेग फाइल, मग तिच्यातून केलेलं डीव्हीडीचं फोल्डर, मग बर्न करायची इमेज. प्रत्येकी चार-सव्वाचार जीबी. डब्यावर यातलं काही नव्हतं, तिथे इन्स्टॉल करायला किती जागा लागते तेवढंच छापलं होतं.

शेवटी सिव्हिलच्या एका ज्युनिअरची 80 जीबीची डिस्क उधार आणली, जम्पर हलवून स्लेव्ह केली आणि कॅबिनेटचं झाकण उघडं ठेवून 'थिअरी ऑफ मशीन्स'च्या पुस्तकावर टेकवली. त्या पुस्तकाचा सेमिस्टरभरातला तो पहिलाच उपयोग. डिस्क निघाली फॅट-32 ची. फॅट-32 मध्ये एक फाइल 4 जीबीच्या वर जात नाही, म्हणजे डीव्ही व्हिडिओ एकोणीस-वीस मिनिटांत संपला. एक कमांड देऊन, आतला डेटा न पुसता, ती एनटीएफएस करता येते. पण मालकाची परवानगी हवी. त्याने ती दिली आणि बदल्यात रूम पार्टनरकडून दोन जर्नल्स लिहून घेतली.

कॅप्चरिंगबद्दल सगळ्यांचा एक गैरसमज असायचा की त्याला दांडगा प्रोसेसर लागतो. अजिबात नाही. कॅसेटवर डिजिटल माहितीच असते, ती फायरवायरच्या वायरीतून जशीच्या तशी उतरवायची. लागतं काय, तर फायरवायर पोर्ट (आमच्या पीसीला नव्हतं, मुंबईच्या एका मित्राने लॅमिंग्टन रोडवरून पीसीआय कार्ड आणलं) आणि न अडखळता लिहिणारी डिस्क. कॅसेट तर कुणासाठी थांबत नाही. डिस्क क्षणभर रेंगाळली की फ्रेम गळली. एक्सपीची आणखी एक गंमत: एखाद्या ड्राइव्हवर वारंवार एरर आल्या की तो गुपचूप डीएमए सोडून पीआयओ मोडवर उतरतो आणि प्रोसेसरला हमालासारखा एकेक बाइट वाहायला लावतो. नव्या रॅमसाठी वर्गणी काढण्याआधी आयडीई केबल बदलून बघावी, एवढं त्यावरून कळलं.

मग बिटरेट. डिस्कवर 4.7 जीबी छापलेलं असतं, म्हणजे 37,600 मेगाबिट. आपला व्हिडिओ 6,600 सेकंदांचा. भागाकार केला की सेकंदाला 5.7 मेगाबिट येतात, त्यातच आवाज आणि मेनू. आवाज कॉम्प्रेस न करता ठेवला तर तोच दीड मेगाबिट गिळतो. तो दाबून बसवला आणि चित्राला 5 च्या आसपास दिलं. स्टेजवरचे लाल-निळे लाइट आणि नाचणारी पोरं म्हणजे एमपेगच्या दृष्टीने सगळ्यात अवघड पेपर, म्हणून एन्कोडिंग दोन पासमध्ये.

त्याला लागत होते आठ तास. आणि तो काळ महाराष्ट्रात लोडशेडिंगचा. सलग आठ तास वीज ही आमच्या भागातली सगळ्यात दुर्मीळ हार्डवेअर रिक्वायरमेंट होती आणि कुठल्याही डब्यावर ती छापलेली नव्हती. यूपीएस दहा मिनिटं टिकायचा, तेवढ्यात फार तर शटडाउन होतं. तोडगा रूम पार्टनरने काढला. व्हिडिओचे वीस-वीस मिनिटांचे तुकडे पाडायचे, वीज असेल तेव्हा एकेक एन्कोड करायचा आणि ऑथरिंगमध्ये चॅप्टर म्हणून एकापाठी एक लावायचे. मध्येच वीज गेली तर गेला तर एकच तुकडा. रॅमने, सांगायचं तर, एन्कोडिंगला फारसा फरक पडला नाही. ती कमी असल्याचं फक्त मेनूचा प्रिव्ह्यू बघताना कळायचं.

डीव्हीडी झाली. पोरं खूश. तेव्हा मेसचे मामा रूमवर आले. मेसचं कंत्राट त्या वर्षी संपत होतं आणि मामा कायमचे गावी, नगर जिल्ह्यात, निघाले होते. गॅदरिंगला पोरांनी त्यांना ओढून स्टेजवर नेलं होतं आणि त्यांनी सात मिनिटं असं भारूड म्हटलं की सूत्रसंचालन करणारा पुढची ओळ विसरला. मामांनी डीव्हीडी उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "पोरांनो, ही आमच्या घरच्या डब्यात लागंल का?" घरी व्हीसीडी प्लेयर होता.

नाही लागणार. व्हीसीडी प्लेयरला डीव्हीडीतलं ओ का ठो कळत नाही. आमची सगळी गणितं आमच्या मशीनची होती. समोरच्याच्या घरचं मशीन कुणी मोजलंच नव्हतं, सॉफ्टवेअरवाल्यानेही नाही. मग त्याच कॅसेटवरून पुन्हा एमपेग-1 केलं: 720 बाय 576 चं चित्र 352 बाय 288 वर आणलं, सेकंदाला 1,150 किलोबिट. साध्या सीडीवर, अगदी कमी स्पीडने बर्न केली. चित्र धूसर, आवाज खणखणीत. महिनाभराने मामांचा एसटीडी बूथवरून फोन आला की वाडीत सगळ्यांनी बघितली, वीज आल्यावर.

2023 च्या पावसाळ्यात मामा गेले. दिवाळीत त्यांच्या मुलाने माझा नंबर शोधून फोन केला. ती सीडी चरे पडून कधीच बंद झाली होती. माझ्याकडची डीव्हीडी अर्ध्यावर अडकत होती. रायटरवर लिहिलेल्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो, तो काळाबरोबर बिघडतो. पण कॅसेट होस्टेल ऑफिसच्या कपाटात होत्या. आता मी कॉलेजच्या लॅबमध्येच असतो, तिथला कुठलाही पीसी ते आठ तासांचं काम काही मिनिटांत करेल. अडलं कशावर, तर फायरवायर पोर्टवर आणि चालू स्थितीतल्या कॅमेऱ्यावर. स्क्रॅपच्या ढिगातला एक डेस्कटॉप, ते जुनं पीसीआय कार्ड आणि एका माजी विद्यार्थ्याने माळ्यावरून काढून दिलेला कॅमेरा, एवढं जमवायला तीन आठवडे गेले. दुसरी कॅसेट लावली. दोन-तीन ठिकाणी चौकटी उडाल्या, बाकी भारूड पूर्ण उतरलं. फाइल मुलाच्या मोबाइलवर पाठवली. पाठवण्याआधी त्याला विचारून घेतलं, फोन कुठला आहे.

तो डेस्कटॉप अजून लॅबमध्ये चालू ठेवलाय. कुणाच्या घरी मिनी-डीव्ही कॅसेट पडून असतील, लग्नाच्या, बारशाच्या, आजोबांच्या, तर सुट्टीवरून येताना घेऊन या. कॅमेरा असेल तर तोही, चार्जरसकट. डीव्हीडी लगेच करू नका. आधी तासाला 13 जीबीची मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा. एका तासाच्या कॅसेटला एक तासच लागतो, तेवढा वेळ काढून या.