जिथला डबा तिथेच

भाईंदर पश्चिमेस स्टीलच्या भांड्यांचे दुकान चालविणाऱ्या एका घरातील ही हकीकत आहे. दिवाळीची गर्दी ओसरल्यावर आजोबा गोदामातील मालाची मोजदाद करीत बसले होते. कडीच्या लहान डब्यांच्या थप्पीत एक डबा कमी भरला. पुन्हा मोजले, तरी एक कमीच. तेवढ्यात महाविद्यालयात शिकणारा नातू पुढे आला आणि म्हणाला, “दादाजी, तो मी घेतला आहे. राईला नेऊन लपवायचा आहे.”

उभे आयुष्य मालाचा हिशेब ठेवण्यात गेलेल्या माणसाला हे उत्तर उमगणे कठीण होते. डबा विकतात, भेट देतात, फार तर उसना देतात. तो लपवायचा कशासाठी?

नातवाने समजावून सांगितले. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. एकाने एखाद्या ठिकाणी लहानशी पेटी ठेवायची, त्या जागेचे अक्षांश-रेखांश इतरांस कळवायचे आणि इतरांनी मोबाईलच्या आधारे ती शोधून काढायची. पेटीत एक वही असते. सापडलेल्या माणसाने तीत नाव व तारीख लिहायची आणि पेटी होती तशी ठेवून द्यायची. बक्षीस नाही, पंच नाही, प्रवेशमूल्यही नाही.

या खेळाचा जन्म तारखेनिशी ठाऊक आहे. अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांच्या संकेतांत सामान्य वापरापुरती मुद्दाम चूक मिसळलेली असे आणि जागा दाखविताना शंभर मीटरपर्यंत फरक पडे. २ मे २००० रोजी ती चूक काढून टाकण्यात आली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर या गृहस्थाने ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे स्थान जाहीर केले. नियम एवढाच की, काही घ्या आणि काही ठेवा. या कल्पनेचे मूळ मात्र त्याहून जुने आहे. इंग्लंडमधील डार्टमूरच्या माळावर १८५४ मध्ये जेम्स पेरट या वाटाड्याने एका दुर्गम जागी बाटली ठेवली होती. तेथवर पोहोचणारे लोक तीत आपली नावाची कार्डे टाकून येत. आज अशा पेट्या जगभर लाखोंच्या संख्येने आहेत.

नातवाला हा छंद लागला तो अँटवर्पला. मामा तेथे हिऱ्यांच्या व्यापारात आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो, त्याची बहीण आणि आई असे तिघेजण तीन आठवडे मामांकडे राहिले होते. तिकडे बागेत, कालव्याच्या काठी, पुलाच्या कठड्याला, कोठेही एखादी पेटी असे. काही डब्याएवढ्या, तर काही बोटाच्या पेराएवढ्या आणि लोहचुंबकाने चिकटविलेल्या.

खेळ एकच, पण चौघांचा आनंद चार तऱ्हांचा होता. नातवाला संख्येचा ध्यास. एका संध्याकाळी किती सापडल्या, एकूण किती झाल्या, नव्या पेटीच्या वहीत पहिले नाव आपले पडेल का, याकडेच त्याचे लक्ष. तीन आठवड्यांत त्याच्या नावावर चौसष्ट पेट्या जमा झाल्या. बहिणीला कोड्यांची गोडी. काही पेट्यांचे खरे स्थान कोडे सोडविल्यावाचून कळत नाही. ती तासन्तास वही-पेन्सिल घेऊन बसे आणि उत्तर जुळले की प्रत्यक्ष जाण्याचीही तिला फारशी घाई नसे. आईला फिरणे प्रिय. पेटी सापडली की ती बाकावर बसून आधीच्या लोकांनी लिहिलेल्या ओळी वाची. मामा शोधायला क्वचितच जात. त्यांनी स्वतः दोन पेट्या ठेवल्या होत्या आणि मोठा पाऊस झाला की वही ओली झाली का, हे पाहून येणे हाच त्यांचा छंद होता.

या तऱ्हांमध्ये कुरबुरीही चालते. संख्येच्या मागे लागलेल्याला कोडी सोडविणारा वेळखाऊ वाटतो आणि कोडी सोडविणाऱ्याला तो नुसता नावे ठोकत पळणारा वाटतो. तरी एकाच पेटीवर या सर्वांचा निभाव लागतो, कारण काही रीती सर्वांनी मान्य केलेल्या आहेत. वस्तू घेतलीत तर तेवढ्या किंवा अधिक मोलाची वस्तू ठेवावी. खाण्याचा पदार्थ ठेवू नये, कारण वासाने मुंग्या व प्राणी येतात. पेटीसाठी खड्डा खणू नये. पहिली बादली पुरलेली होती खरी, पण आज ते निषिद्ध आहे. दोन पेट्यांत किमान १६१ मीटर अंतर असावे. लोहमार्गाच्या जवळ पेटी नसावी. जागेच्या मालकाची संमती घ्यावी. पेटी कोठे आहे ते उघड लिहून पुढच्याची मजा घालवू नये. आणि पेटी सापडली नाही, तर तसेच नोंदवावे.

आजोबांनी हे सारे ऐकून घेतले आणि विचारले, “राईला कोठे ठेवणार?”

राई हे भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. मुर्धा, राई, मोर्वा ही गावे एकमेकांना लागून आहेत. भोवती मिठागरे, खाडीच्या अंगाला खारफुटी. नातवाने जागा हेरून ठेवली होती. खारफुटीलगतच्या बांधात दोन दगड सैल होते. त्यांच्या मागे डबा नेमका बसत होता आणि कोणालाही दिसला नसता.

“कोणालाही दिसला नसता,” आजोबांनी तेच शब्द सावकाश पुन्हा उच्चारले. मग ते बराच वेळ बोलले नाहीत.

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले, त्यांपैकी एक मीरा रोड-भाईंदरच्या टप्प्यात झाला होता. त्या रात्री या घरातील तीन माणसे मुंबईहून परतायची होती. शेवटच्या माणसाचा आवाज फोनवर ऐकू आला, तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. नातू तेव्हा पाळण्यात होता. बेवारस वस्तूला हात लावू नका, ही गाड्यांतील सूचना त्याच्या कानावरून रोज जाते. आजोबांना मात्र ती आजही ऐकू येते.

“बांधाच्या फटीत चकचकीत डबा एखाद्या मुलाच्या हाती लागला, तर त्याच्या आईला काय वाटेल? आणि तो बांध कोणाचा?” त्यांनी विचारले. आजी आतून म्हणाल्या, “दगड उचलताना खाली काय जीव आहे, हे कोण पाहणार? वस्तू उचलताना आणि ठेवताना जपावे, हे का नव्याने शिकवायचे?” नातू गप्प राहिला. संमती घेण्याची रीत त्यानेच सांगितली होती. ती वाचलेली होती, पण पाळायची वेळ आल्यावर सैल दगड तेवढे आठवले होते.

पुढच्या रविवारी आजोबा स्वतः त्याच्याबरोबर राईला गेले. तेथील एक वृद्ध आगरी गृहस्थ त्यांचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या घरच्या तीन लग्नांची भांडी याच दुकानातून गेली होती. अंगणात मोठी चिंच आणि तिच्या बुंध्याशी दगडी पार. त्यांनी सगळे ऐकले, हसले आणि म्हणाले, “शेठ, डबा ठेवा, पण बांधावर नको. त्याचा एक दगड हलला, की भरतीचं खारं पाणी आत शिरतं. आणि त्या चिखलात पाय घालाल, तर खारफुटीची वर आलेली मुळं मोडतील. झाड त्यांतूनच श्वास घेतं. इथं पाराशी ठेवा. येणारा आधी हाक मारील, एवढंच. माझ्या अंगणात कोणी चोरासारखं वाकून बघायचं नाही.”

नातवाला हे अवघड वाटले. “पण दादाजी, कोणाच्या नजरेस न पडता शोधायचे, यातच तर गंमत असते.”

“गंमत पाहुण्याची आणि धास्ती गावाची, असा व्यवहार नको,” आजोबा म्हणाले. “ज्यांच्या दारात वस्तू आहे, त्यांना तरी ती माहीत असली पाहिजे.”

डबा पाराच्या खोबणीत ठेवला गेला. झाकणाखाली रबरी कडे बसविले. वर मराठी, हिंदी व इंग्रजीत हा खेळाचा डबा आहे, आत काय आहे आणि कोणास विचारावे, हे लिहिले. आत वही, शाई पसरू नये म्हणून पेन्सिल, आणि आजोबांच्या संग्रहातील कमळाचे चित्र असलेले पितळी वीस पैशांचे नाणे. परीक्षण करणाऱ्या स्वयंसेवकाची मान्यता मिळून स्थान जाहीर झाले. “अंगणात येताना हाक मारावी,” ही सूचना तपशिलात ठळक होती.

चार महिन्यांत माणसे येत राहिली. एकाने लिहिले की, हाक मारायची असेल तर शोधण्यात थरार उरत नाही. दुसऱ्याने लिहिले की, पेटी लवकर सापडली, पण त्या घरी मिळालेले पाणी आणि मिठागराच्या गोष्टी यांमुळे ही जागा विसरता येणार नाही. एके दिवशी नाणे नाहीसे झाले आणि त्याच्या जागी घासून गुळगुळीत केलेला चिंचोका सापडला. घरातील लहान नातीचा उद्योग होता. नातू रागावला, “हे तेवढ्या मोलाचे कसे?” आजोबांनी चिंचोका बोटांत फिरवून पाहिला. “तिच्या खेळातला हा सगळ्यांत चांगला असेल,” असे म्हणून त्यांनी तो परत डब्यात ठेवला.

खरा प्रसंग त्यानंतर आला. फाल्गुनात डबा पाहायला गेले असता आजोबांनी सवयीने मेळ घातला. मोबाईलवर अकरा नोंदी होत्या आणि वहीत दहाच नावे. पुन्हा मोजले, तरी एक कमीच. अकराव्या माणसाने “लगेच सापडली, आभार” असे लिहिले होते. त्या दिवशी कोणी हाक मारली नव्हती, हे वृद्ध गृहस्थांना पक्के आठवत होते.

“खोटी नोंद पुसण्याचा हक्क मालकाला असतो,” नातू म्हणाला. “आत्ता पुसतो.”

“आधी त्यांना विचार. चूक आपलीही असू शकेल.”

नातवाने विनयाने निरोप लिहिला. दोन दिवसांनी उत्तर आले. तो प्रवासी फाटकापर्यंत आला होता. कुत्रा भुंकला, म्हणून मागे फिरला. दिवसाच्या आकड्यात खंड पडू नये म्हणून त्याने सापडल्याचे लिहिले होते. त्याने क्षमा मागितली, ती नोंद स्वतःच काढली आणि त्या जागी लिहिले, “सापडली नाही. फाटकाशी कुत्रा आहे, दुरूनच हाक मारावी.” पुढच्या माणसाला या दोन वाक्यांचा उपयोग त्या खोट्या आभाराहून कितीतरी अधिक होता.

आजोबा नातवाला म्हणाले, “खोट्या नोंदीने आपले काही गेले नसते, असे तुला वाटेल. पण समज, डबा त्या आधीच हरवला असता. तो आहे, असे आपण धरून चाललो असतो आणि कोणी लांबून उन्हात येऊन रिकाम्या हाताने परतला असता. वहीवर दुसरा माणूस चालतो, म्हणून ती खरी हवी.”

नातू काही बोलला नाही. त्या रात्री जेवणानंतर तो मोबाईल घेऊन गॅलरीत बसला. अँटवर्पच्या शेवटच्या संध्याकाळी अंधार पडत असताना त्याने दोन पेट्या न सापडताच सापडल्या म्हणून लिहिल्या होत्या. कालव्याकाठी त्या असणारच, थोडा उजेड असता तर मिळाल्याच असत्या, असे त्याने तेव्हा मनाला सांगितले होते. त्यांपैकी एकीखाली त्यानंतर आलेल्या चौघांनी लिहिले होते, “सापडली नाही.” त्याच्या नोंदीवर भरवसा ठेवून त्यांपैकी किती जणांनी काठ पुन्हा पुन्हा धुंडाळला असेल, हे कळण्यास मार्ग नव्हता. त्याने दोन्ही नोंदी काढल्या, दोन्ही ठिकाणी खरे लिहिले आणि मामांनाही कळविले, म्हणजे ते जाऊन पाहतील. चौसष्टाचे बासष्ट झाले.

बहिणीच्या ते लक्षात आले. तिने कारण विचारले नाही.

पुढच्या रविवारी तो पुन्हा राईला गेला. या खेपेस आई बरोबर होती. फाटकापासून दुरूनच त्याने हाक मारली. पारावर बसून आईने वहीतील दहाही जणांच्या ओळी वाचल्या. त्याने पेन्सिलीला टोक केले, रबरी कडे पुसले आणि खोबणीत कोणी मुंगी नाही ना, हे वाकून पाहिले. मग डबा होता तसा, होता तेथे ठेवून दिला.