बॅटरी विझवा, काजवे आलेत!

मे महिना संपत आला, की आपल्या सह्याद्रीत एक दिवाळी सुरू होते. तिला फटाके लागत नाहीत, पणत्या लागत नाहीत, तेलाचा थेंबसुद्धा लागत नाही. ही दिवाळी काजव्यांची!

दोस्तांनो, ती पाहायची तर राजमाचीला चला. लोणावळ्याहून सुमारे १५ किलोमीटरची वाट आहे. कर्जतकडून आलात, तर कोंढाण्याची लेणी पाहून घाट चढायचा. वर श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले आणि त्यांच्या कुशीत उधेवाडी हे चिमुकलं गाव. तिथं कुणाच्या तरी ओसरीवर गरमागरम पिठलं-भाकरी खायची आणि अंधार पडला की निघायचं.

आम्ही दहा-बारा जण असेच निघालो होतो. पुढे वळणावर एक झाड लखलखत होतं. हजारो काजवे एकदम पेटायचे, एकदम विझायचे. "अरे बापरे!" म्हणत आम्ही सगळ्यांनी झटकन बॅटऱ्या लावल्या. फोटोसाठी फ्लॅशही उडाले. आणि काय झालं माहीत आहे? झाड काळंठिक्कर पडलं!

आमच्याबरोबर गावातले एक आजोबा होते. ते म्हणाले, "बॅटऱ्या इझवा की, पोरांनो! त्यांचं लगीन लागतंय, तुमचा उजेड कशाला मधी?"

आजोबांचं म्हणणं अगदी खरं होतं, बरं का! काजव्याच्या पोटातल्या खास रसायनाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो आणि थंडगार प्रकाश पडतो. तो प्रकाश म्हणजे त्यांची भाषा. नर उडता उडता लुकलुकून विचारतो, "कुठं आहेस?" पानावर किंवा गवतात बसलेली मादी लुकलुकूनच उत्तर देते. आपल्या झगझगीत उजेडात ही हाक दिसतच नाही. प्रौढ काजव्याचं आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचं. त्यात जोडीदार भेटला नाही, तर अंडी कुठली आणि पुढचे काजवे तरी कुठले?

ही अंडी ओलसर मातीत असतात. त्यातून निघालेल्या अळ्या गोगलगायी खात कित्येक महिने तिथंच वाढतात. म्हणजे पुढच्या वर्षीची दिवाळी आपल्या पायांखाली असते! आपण पायवाट सोडून गवत तुडवलं, पालापाचोळ्याची शेकोटी केली, की ती दिवाळी तिथंच संपली.

आता तर राजमाची, भंडारदरा, पुरुषवाडी इथं काजवे पाहायला खूप गर्दी होते. जाऊ नका, असं मी मुळीच म्हणणार नाही. जरूर जा, पण बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद बांधा आणि ती जमिनीकडेच धरा. झाडाजवळ पोचलात, की तीही बंद. गाडीचे दिवे, गाणी, फ्लॅश नकोत. काजवे पकडून बाटलीत भरायचे नाहीत. वेफर्सची पाकिटं सॅकमधून घरी परत आणायची. आणि बाबांनी मोबाइलचा फ्लॅश लावलाच, तर त्यांना आजोबांचं वाक्य ऐकवायचं!

त्या रात्री आम्ही बॅटऱ्या विझवून गुपचूप बसलो. बराच वेळ काहीच नाही. मग एका फांदीवर एक ठिपका लुकलुकला. खाली गवतातून दुसऱ्यानं उत्तर दिलं. हळूहळू सगळं झाड पुन्हा पेटलं. आजोबा हसले आणि हळूच म्हणाले, "आता बघा!"